ज्याचा गल्ला त्याच्यापाशी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातून जातो. ९४.५ किलोमीटरच्या या रस्त्यावर, मुंबईकडून येताना, बोरघाट चढण्याआधी खालापूरचा टोलनाका लागतो. एरवी एका दिशेला तीनच पदर असलेला हा रस्ता नाक्यापाशी पसरतो आणि त्याच्या कितीतरी लेन होतात. प्रत्येक लेनला स्वतंत्र बूथ असतो. फास्टॅग येण्याआधी प्रत्येक बूथमध्ये एक कर्मचारी, त्याचा स्वतःचा गल्ला आणि त्याचं स्वतःचं पावतीयंत्र असे. किती गाड्या गेल्या, किती रोकड जमली, याचा हिशेब लेनपुरता चाले आणि शिफ्ट संपली की सगळ्या गल्ल्यांची बेरीज होई. आता पैसे फास्टॅगमधून कापले जातात, पण रचना तीच राहिली आहे. प्रत्येक लेनचा अँटेना वेगळा आणि तिचा संगणकही वेगळा. गाडीची नोंद आधी लेनमध्ये होते आणि मग नाक्याच्या मुख्य संगणकाकडे जाते.

सगळ्या लेनसाठी मिळून एकच गल्ला ठेवावा, असं कुणालाही सुचणार नाही. प्रत्येक पावतीसाठी कर्मचाऱ्याला बूथ सोडून मधल्या टेबलाशी जावं लागलं असतं, तिथे इतरांचं होईपर्यंत थांबावं लागलं असतं आणि गाड्यांची रांग कळंबोलीच्या दिशेने वाढत गेली असती. लेन दुप्पट केल्या असत्या, तरी त्या टेबलापाशी दुप्पट माणसं थांबली असती इतकंच.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बरीच वर्षं अशाच एका गल्ल्यावर चालत होता. तो त्यातून कसा बाहेर पडला आणि बाहेर पडल्यावर कोणत्या नव्या जबाबदाऱ्या त्याच्या अंगावर आल्या, हा या प्रकरणाचा विषय आहे.

एक आकडा, अनेक हात

कर्नल हा यंत्रसामग्री आणि आपले प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असलेला कारभारी प्रोग्राम. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क, नेटवर्क या सगळ्यांची वाटणी तो करतो. अँड्रॉइड फोनमध्ये असतो तो लिनक्स कर्नल. वाटणी करायची तर मोजदाद आली. नेटवर्कवरून माहितीचे किती पॅकेट आले, मेमरीची किती पानं मोकळी आहेत, किती फाइली उघड्या आहेत, अशा असंख्य आकड्यांत कर्नल सेकंदाला लाखो वेळा फेरफार करत असतो.

आकड्यात एक मिळवणं ही आपल्याला एकच कृती वाटते. प्रोसेसरसाठी त्यात तीन पायऱ्या असतात: मेमरीतून आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. समजा, आकडा ५०० आहे आणि दोन प्रोसेसरांकडे एकाच क्षणी एकेक पॅकेट आला. दोघांनी ५०० वाचला, दोघांनी ५०१ लिहिला. पॅकेट दोन आले, हिशेबात एकच धरला गेला. हे टाळण्याचा सर्वपरिचित उपाय म्हणजे लॉक. एकाने लॉक घेतला की तो सोडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं.

लिनक्समध्ये एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय आली ती जून १९९६ मध्ये, २.० या आवृत्तीत. तेव्हा जवळजवळ संपूर्ण कर्नलला मिळून एकच लॉक होता. त्याचं नावच ‘बिग कर्नल लॉक’. कोणताही प्रोसेसर कर्नलमध्ये शिरला की इतरांना बाहेर थांबावं लागे. दोन प्रोसेसरांच्या यंत्रावर हे खपून गेलं. प्रोसेसर वाढले तसे या लॉकचे तुकडे करून प्रत्येक विभागाला वेगळा लॉक देण्याचं काम सुरू झालं. मूळ लॉकचा शेवटचा अंश कर्नलमधून निघाला तो मे २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत. या एका लॉकच्या जाण्याला पंधरा वर्षं लागली.

पण लॉकचे कितीही बारीक तुकडे केले, तरी एक अडचण उरतेच. तिचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसून सिलिकॉनमध्ये आहे.

चौसष्ट बाइटांची ओढाताण

प्रोसेसर मुख्य मेमरीपेक्षा फार वेगवान असतो. म्हणून प्रत्येक कोअरजवळ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे सूचना चालवणारा भाग) छोटी, जलद कॅश मेमरी ठेवलेली असते. मेमरीतला मजकूर तिच्यात ठरावीक मापाच्या ओळींनी येतो. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत ही कॅश लाइन ६४ बाइटांची असते. एखादा आकडा बदलायचा तर तो ज्या ओळीत आहे ती संपूर्ण ओळ त्या कोअरच्या ताब्यात यावी लागते आणि इतर कोअरकडच्या तिच्या प्रती रद्द व्हाव्या लागतात. दोन कोअरकडे एकाच आकड्याच्या दोन वेगळ्या किमती राहू नयेत यासाठी प्रोसेसरमध्येच ही शिस्त बांधलेली आहे.

या शिस्तीची किंमत मोठी आहे. स्वतःच्या सर्वांत जवळच्या कॅशमधला आकडा कोअरला चार-पाच घड्याळठोक्यांत मिळतो. तोच आकडा दुसऱ्या कोअरच्या ताब्यात असेल तर त्याच्या कित्येक पट, आणि वेगळ्या सॉकेटवरच्या प्रोसेसरकडे असेल तर शेकडो ठोके जातात. एकच आकडा सगळे कोअर आळीपाळीने बदलत असतील तर ती ओळ यंत्रभर फिरत राहते. लॉकऐवजी प्रोसेसरची अखंड बेरजेची खास सूचना वापरली, तरी उत्तर बरोबर येतं, ओळीची फिरती मात्र थांबत नाही. शिवाय लॉक हासुद्धा मेमरीतला एक आकडाच आहे, त्यामुळे त्याचीही ओळ अशीच फिरते.

याहून फसवा प्रकार म्हणजे आभासी वाटेकरीपणा. दोन कोअर दोन वेगवेगळे आकडे बदलत आहेत, एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. पण योगायोगाने ते दोन्ही आकडे एकाच ६४ बाइटांत पडले आहेत. मग यंत्र त्यांना वाटेकरीच समजतं आणि ओळ इकडून तिकडे खेचली जाते. प्रोग्राम वाचून ही चूक दिसत नाही. म्हणून कर्नल लिहिणारे अशा आकड्यांच्या आजूबाजूला मुद्दाम रिकामी जागा सोडतात.

आपापली प्रत

उपाय खालापूरच्या नाक्यावर दिसतो तोच. सगळ्यांचा मिळून एक आकडा ठेवण्याऐवजी प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची प्रत द्यायची. पॅकेट ज्या प्रोसेसरकडे आला, त्याने आपल्याच प्रतीत एक मिळवायचा. लॉक नको, वाट पाहणं नको, आणि कॅश लाइन कायम त्याच्याच जवळ. याला ‘पर-सीपीयू डेटा’ म्हणतात.

कर्नलचं शेकडो ठिकाणचं काम सगळ्या प्रोसेसरांसाठी एकाच मजकुरातून, म्हणजे कोडमधून, होतं. मग ‘माझी प्रत’ म्हणजे नेमकी कोणती, हे प्रत्येकाला कसं कळतं? लिनक्समध्ये असे सगळे आकडे संकलनाच्या (कंपाइल करण्याच्या) वेळीच एका वेगळ्या विभागात गोळा केले जातात. हा विभाग म्हणजे नमुना. यंत्र सुरू होताना कर्नल प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी जागा राखतो आणि या नमुन्याची नक्कल तिथे उतरवतो. जिथे शक्य असेल तिथे ती जागा त्या प्रोसेसरला जवळ पडणाऱ्या मेमरीतच घेतली जाते. आपली जागा कुठून सुरू होते तो पत्ता प्रत्येक प्रोसेसर स्वतःच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्याच एका छोट्या साठवणजागेत, बाळगतो. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरांवर त्यासाठी जीएस नावाचं रजिस्टर वापरतात. आकड्याचं नमुन्यातलं अंतर त्या पत्त्यात मिळवलं की स्वतःची प्रत सापडते. मजकूर एकच, सूचना एकच. पण प्रत्येक प्रोसेसरवर ती वेगळ्या जागी पोहोचते.

सुरुवातीला ही सोय कर्नल तयार करतानाच ठरलेल्या आकड्यांपुरती चांगली होती. कर्नल चालू असताना नव्याने लागणाऱ्या आकड्यांनाही तितकीच कार्यक्षम जागा मिळावी, यासाठी तेजुन हिओ यांनी नवी वाटपव्यवस्था लिहिली. ती २००९ मध्ये २.६.३० या आवृत्तीत आली.

मध्येच लेन बदलली तर

स्वतःची प्रत मिळाली म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असा समज सहज होतो. पण इथे एक धोका दडलेला आहे. प्रोसेसर जागचा हलत नसला, तरी त्याच्यावर चालणारं काम हलतं. समजा, एका कामाने ‘मी तीन क्रमांकाच्या प्रोसेसरवर आहे’ हे पाहिलं आणि त्याच्या प्रतीचा पत्ता काढला. तेवढ्यात कर्नलने ते काम थांबवलं आणि थोड्या वेळाने पाच क्रमांकाच्या प्रोसेसरवर पुन्हा सुरू केलं. हातात पत्ता मात्र अजून तीन क्रमांकाचा. आता पाचवर बसून ते तीनच्या प्रतीत लिहील आणि त्याच वेळी तीन क्रमांकाचा प्रोसेसरही तिथेच लिहीत असेल. ज्या गोंधळातून सुटण्यासाठी वेगळ्या प्रती केल्या, तोच गोंधळ पुन्हा उभा राहतो. आणि आता तर तिथे लॉकही नाही.

म्हणून पर-सीपीयू डेटाला हात लावण्याचा नियम असा: हात लावण्याआधी कामाची हलवाहलव थांबवायची, काम उरकायचं, मग ती पुन्हा सुरू करायची. जो आकडा इंटरप्टच्या वेळीही, म्हणजे एखादं उपकरण चालू काम अडवून प्रोसेसरचं लक्ष मागतं तेव्हाही, बदलतो, त्यासाठी त्या प्रोसेसरचे इंटरप्टही तेवढ्यापुरते बंद करावे लागतात. नाहीतर आपण आकडा वाचून लिहिण्याच्या मधोमध इंटरप्ट येऊन तोच आकडा बदलून जाईल.

साध्या बेरजेसाठी आणखी सुबक मार्ग आहे. जीएस रजिस्टरमुळे ‘माझी प्रत शोध आणि तिच्यात एक मिळव’ हे दोन्ही मिळून प्रोसेसरची एकच सूचना होते. सूचनेच्या मध्ये काम हलवता येत नाही आणि इंटरप्टही येत नाही. सूचना झाली तर पूर्ण झाली, नाहीतर झालीच नाही. लिनक्समधल्या ‘धिस सीपीयू’ गटातल्या क्रिया याच गुणावर उभ्या आहेत.

एक्सव्ही६ हा एमआयटीने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला छोटा कर्नल आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना वापरला जातो. त्यात आपण कोणत्या प्रोसेसरवर आहोत हे सांगणारं ‘मायसीपीयू’ नावाचं फंक्शन आहे. त्याच्या इंटेल प्रोसेसरांसाठीच्या आवृत्तीत इंटरप्ट चालू असताना ते फंक्शन बोलावलं, तर कर्नल मुद्दाम थांबतो आणि कारण सांगतो. चूक दडून राहण्यापेक्षा जागच्या जागी उघड व्हावी, हा त्यामागचा विचार शिकण्यासारखा आहे.

बेरीज कधी करायची?

प्रत्येक लेनचा गल्ला वेगळा ठेवला की लिहिणं स्वस्त होतं आणि वाचणं महाग. एकूण आकडा हवा असेल तर सगळ्या प्रती फिरून बेरीज करावी लागते, आणि बेरीज चालू असतानाही प्रती बदलत असतात. आकडेवारीसाठी हे चालतं. किती पॅकेट आले हे कुणी मिनिटाला एकदा विचारतं, पॅकेट मात्र सेकंदाला लाखो येतात. स्वस्त काय करायचं हे ठरवताना जे काम जास्त वेळा होतं तेच निवडलं पाहिजे.

सुट्या प्रतीकडे पाहून मात्र फसू नये. एखादी वस्तू एका प्रोसेसरने घेतली आणि दुसऱ्याने सोडली, तर पहिल्याच्या प्रतीत एक अधिक होतो आणि दुसऱ्याच्या प्रतीत एक उणे. दुसऱ्याचा आकडा शून्याखालीही जाईल. त्या एकट्या आकड्याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो बेरजेला.

काही आकडे वारंवार बदलतात आणि वारंवार वाचलेही जातात. डिस्कवर किती ब्लॉक मोकळे आहेत, हा असा आकडा. त्यासाठी लिनक्सने मधली वाट काढली आहे. एक सामाईक आकडा असतो आणि प्रत्येक प्रोसेसरकडे एक छोटी शिल्लक. शिल्लक ठरावीक मर्यादेला पोहोचली की ती सामाईक आकड्यात जमा करायची. ही मर्यादा सामान्यतः ३२ किंवा प्रोसेसरांच्या दुप्पट, यांपैकी जी मोठी ती. ६४ प्रोसेसरांच्या यंत्रावर ती १२८ होते. म्हणजे सामाईक आकडा फार तर ६४ गुणिले १२८, अर्थात ८,१९२ ने चुकू शकतो. ब्लॉक ४ केबीचा धरला तर ही चूक ३२ एमबीची झाली. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असताना तिचं काही वाटत नाही. डिस्क भरत आली की मात्र तेवढ्या चुकीने नसलेली जागा वाटली जाऊ शकते. म्हणून ईएक्सटी४ ही फाईलव्यवस्था एरवी अंदाजावर भागवते आणि मोकळी जागा धोक्याच्या रेषेजवळ आली की सगळ्या प्रती फिरून खरी बेरीज करते. भरपूर असेल तेव्हा अंदाज आणि टंचाईत काटेकोर हिशेब, असा हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

मोजण्यापलीकडे

ही कल्पना फक्त आकड्यांपुरती नाही. पुढे काय चालवायचं याची यादीही पूर्वी सामाईक होती. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत सगळ्या प्रोसेसरांची मिळून एकच रांग आणि तिला एकच लॉक. इंगो मोल्नार यांनी २००२ च्या सुरुवातीला नवा शेड्युलर, म्हणजे कामांचा क्रम ठरवणारा भाग, मांडला आणि त्यात प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग दिली. डिसेंबर २००३ मधल्या २.६ आवृत्तीतून तो सर्वांपर्यंत पोहोचला. वेगळ्या रांगांमुळे नवा प्रश्न आला: एका रांगेत गर्दी आणि शेजारची रिकामी. त्यामुळे रिकामा प्रोसेसर गर्दीच्या रांगेतून काम ओढून घेतो आणि अधूनमधून भाराची समतोल वाटणीही होते. पण हे रोजच्या वाटेवरचं काम नव्हे, ते क्वचित करायचं.

मेमरीचंही तसंच. कर्नलला सतत छोटे तुकडे लागतात आणि तो ते लगेच परतही करतो. सिक्वेंट या कंपनीत पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९३ मध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळ मोकळ्या तुकड्यांचा साठा ठेवणारी पद्धत प्रसिद्ध केली. सन कंपनीचे जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये स्लॅब ही वाटपपद्धत मांडली आणि २००१ मध्ये जोनाथन अ‍ॅडम्स यांच्यासह तिला प्रोसेसरनिहाय साठ्यांची जोड दिली. यात आणखी एक लाभ आहे. आत्ताच परत आलेला तुकडा त्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये अजून असतो. तोच पुन्हा दिला की मुख्य मेमरीपर्यंत जावं लागत नाही. साठा किती वाढू द्यायचा याला मर्यादा असते. जास्तीचा भाग सामाईक भांडारात जातो, नाहीतर एका प्रोसेसरकडे ढीग आणि दुसऱ्याकडे दुष्काळ, अशी वेळ येईल.

लेन बंद होते तेव्हा

प्रोसेसर कायम चालू असतातच असं नाही. लॅपटॉपचं झाकण मिटून तो गाढ झोपेत जातो, तेव्हा लिनक्स एक प्रोसेसर सोडून बाकी सगळे बंद करतो. बंद होणाऱ्या प्रोसेसरच्या रांगेतली कामं, त्याच्याजवळचा मेमरीचा साठा, न जमा केलेली शिल्लक, अर्धवट राहिलेले टायमर यांचं काय? प्रत्येक विभागाने हे सगळं दुसऱ्या चालू प्रोसेसरकडे सोपवायचं असतं. लेन बंद करताना गल्ला कार्यालयात जमा केला नाही, तर दिवसाची बेरीज चुकणारच. कर्नलमध्ये यासाठी ठरलेला क्रम आहे: कोणत्या विभागाने कधी आवरायचं आणि प्रोसेसर परत आल्यावर कोणी आधी मांडायचं. नवा पर-सीपीयू डेटा जोडणाऱ्याने या वाटेचा विचार केला नाही, तर त्याचा कर्नल रोज बरोबर चालेल आणि झाकण मिटल्यावर चुकेल.

जागेचाही हिशेब हवा. एएमडीने २०२४ मध्ये १९२ कोअरचा प्रोसेसर आणला. असे दोन एका यंत्रात बसवले, तर कर्नलला ७६८ प्रोसेसर दिसतात, कारण प्रत्येक कोअर दोन धागे चालवतो. ६४ बाइटांच्या एका आकड्याला मग ४८ केबी लागतात. त्या यंत्रावर हजार कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रामांचे संच) असतील आणि प्रत्येकाला असा एक आकडा दिला, तर ४८ एमबी एवढ्या एका आकड्यात गेले. म्हणून प्रत्येक गोष्टीची प्रत करत सुटणं हेही शहाणपण नव्हे.

पुण्याचा परम आणि मधली वाट

वाटणी टोकाला नेली तर काय होतं, याचं उत्तर घाटाच्या वर पुण्यात सापडतं. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरला स्वतःची मेमरी होती. सामाईक मेमरी नव्हतीच. एकमेकांना काही सांगायचं तर निरोप पाठवायचा. त्यामुळे ओळींची ओढाताण मुळातच नव्हती, पण प्रत्येक प्रोग्राम निरोपांच्या भाषेत नव्याने लिहावा लागे. हवामान किंवा भौतिकशास्त्राच्या मोठ्या गणितांसाठी हे कष्ट सार्थ होतात. रोजच्या संगणकावर मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याला सामाईक मेमरीच सोयीची पडते. पर-सीपीयू डेटा ही या दोहोंमधली वाट आहे: वरून मेमरी सर्वांची, आतून ज्याची त्याची.

ही वाट किती लांब जाते, हे २०१० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ४८ कोअरच्या यंत्रावर सात प्रोग्राम चालवून तपासलं. सुरुवातीला त्यांतले बहुतेक प्रोग्राम कर्नलमधल्या सामाईक ठिकाणांवर अडकले. संशोधकांनी काही सामाईक आकडे प्रोसेसरनिहाय केले, काही लॉक टाळले. बदल कर्नलच्या सुमारे तीन हजार ओळींचे होते आणि कर्नलमुळे येणारे बहुतेक अडथळे त्या बदलांनी दूर झाले. कर्नलची जुनी घडण मोडून टाकण्याचं कारण अजून दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लाखो ओळींच्या कर्नलमध्ये योग्य जागी तीन हजार ओळींनी एवढा फरक पडावा, यातच या तंत्राचं मोल आहे.

कर्जत-खालापूर परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकशाखेचे विद्यार्थी दरवर्षी ऑपरेटिंग सिस्टिम शिकतात. लॉक, सेमाफोर, डेडलॉक हे त्यांच्या परीक्षेत असतं आणि ते यायलाच हवं. पण लॉक कसा लावायचा यापेक्षा आधीचा प्रश्न असा आहे: ही वस्तू सामाईक असायलाच हवी का? नको असेल तर ती वाटून द्या. वाटली तर तिची बेरीज कोण करणार, काम मध्येच हलल्यास काय होणार आणि प्रोसेसर बंद पडल्यावर ती कुणाकडे जाणार, ही तीन उत्तरं आधी कागदावर लिहा. मग लिनक्सच्या यंत्रावर ‘प्रॉक’ या फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाईल उघडून पाहा. तिथे प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा रकाना आणि त्यात त्याची स्वतःची मोजणी दिसेल. या प्रकरणात सांगितलेली गोष्ट त्या रकान्यांत चालू अवस्थेत पाहायला मिळते, आणि ती वाचण्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.